घरच्या सुतारकामासाठी सँडर निवडताना

सुतारकामाची हौस असलेल्या माणसाच्या घरी ड्रिलमागून बहुधा सँडर, म्हणजे पॉलिश पेपरने लाकूड घासणारे यंत्र, येतो, आणि तो विकत घेताना बहुतेकांचा सगळा विचार वॉटच्या आकड्याभोवती फिरतो. मुंबईत मात्र हा विचार दुसऱ्या टोकाकडून सुरू करावा लागतो. ज्या खोलीत आपण दुपारी फळी घासतो त्याच खोलीत रात्री पाने मांडली जातात आणि अंथरुणे पसरली जातात. त्यामुळे यंत्र किती लाकूड काढते याच्याही आधी, काढलेले लाकूड भुकटी होऊन जाते कुठे, हे पाहणे भाग आहे. पुढचे सगळे सल्ले या एका गोष्टीला धरून आहेत. ज्यांच्याकडे बंगल्याचे अंगण किंवा स्वतंत्र गाळा आहे त्यांनी त्यांतले काही खुशाल सोडून द्यावेत.

आधी कामांची यादी

दुकानात जाण्यापूर्वी येत्या वर्षभरात आपण नेमके काय घासणार आहोत, ते कागदावर लिहून काढावे. पाट, चौरंग, पोळपाट, देव्हाऱ्याचे खांब, प्लायवूडचे शू-रॅक, आजोबांच्या वेळचे सागवानी कपाट, पावसाने फुगलेली खिडकीची चौकट अशी ती यादी असेल, तर प्रत्येक वस्तूपुढे तीन गोष्टींची नोंद करावी: पृष्ठभाग सपाट आहे की गोलाईचा, लाकूड भरीव आहे की वर व्हीनियरचा, म्हणजे चिकटवलेल्या पातळ लाकडी पापुद्र्याचा, थर आहे, आणि लाकूड कोरे आहे की त्यावर जुना रंग किंवा पॉलिश आहे.

यातली दुसरी नोंद सर्वांत महत्त्वाची. सजावटीच्या व्हीनियरचा थर बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो, आणि साध्या प्लायवूडचा वरचा पापुद्राही फार जाड नसतो. माझ्याच हातून एका जेवणाच्या टेबलाचे व्हीनियर भाड्याने आणलेल्या बेल्ट सँडरखाली दहा सेकंदांत उडाले आणि मधोमध फिकट डाग उघडा पडला. टेबल भरीव सागाचे आहे असे मी गृहीत धरले होते. फळीची कड पाहिली असती तर वरच्या थराची रेघ तिथे दिसली असती. भरीव लाकडात वरच्या शिरा कडेवरून खाली उतरतात, व्हीनियरमध्ये त्या कडेशी येऊन तुटतात. एवढे पाहायला अर्धे मिनिट लागते. सनमाइका लावलेल्या वस्तू मात्र यादीतून काढूनच टाकाव्यात, कारण त्यावर सँडरला काही काम नाही.

आणखी एक भ्रम याच टप्प्यावर दूर केलेला बरा. वाकडी, पीळ पडलेली किंवा खालीवर जोडली गेलेली फळी सपाट करणे हे रंध्याचे काम आहे. सँडर खड्ड्यातही उतरतो आणि उंचवट्यावरही चढतो, म्हणून त्याने घासलेली वाकडी फळी गुळगुळीत होते खरी, पण वाकडीच राहते.

कोणता प्रकार कशासाठी

घरगुती कामासाठी बाजारात मुख्यतः चार प्रकार दिसतात. त्यांपैकी रँडम ऑर्बिटल सँडर हा बहुतेकांनी पहिला घ्यावा असा आहे. त्याची गोल गादी दोन हालचाली एकाच वेळी करते: ती काही मिलिमीटरच्या छोट्या वर्तुळात थरथरते आणि शिवाय स्वतःभोवती मोकळी फिरते. या दुहेरी गतीमुळे कागदाचा कोणताही कण पुन्हापुन्हा त्याच वाटेने जात नाही, त्यामुळे ओरखडे एका दिशेने साठत नाहीत आणि लाकडाच्या शिरेच्या आडवे घासले गेले तरी फारसे बिघडत नाही. चौकटीच्या कोपऱ्यात, जिथे एका फळीच्या शिरा दुसरीला काटकोनात भिडतात, तिथे हा गुण विशेष उपयोगी पडतो. घरासाठी 125 मिलिमीटर, म्हणजे पाच इंची गादी योग्य. 150 मिलिमीटरचे यंत्र मोठ्या टेबलांसाठी चांगले, पण ते एका हातात धरायला जड जाते.

दुसरा प्रकार पाव शीट फिनिशिंग सँडरचा. याची चौकोनी गादी फक्त थरथरते, स्वतःभोवती फिरत नाही, त्यामुळे लाकूड हळू निघते; पण चौकोनी असल्यामुळे ती खणाच्या आतल्या कडेपर्यंत पोहोचते. त्याचा खरा फायदा खर्चात आहे. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा 9 बाय 11 इंचांचा साधा पॉलिश पेपर चार तुकड्यांत कापला की चार वेळा पुरतो, तर गोल यंत्राला वेल्क्रोच्या तयार चकत्याच लागतात. ज्यांची यादी प्लायवूडच्या पेट्या, खण आणि पॉलिशच्या दोन हातांमधल्या हलक्या घासाईपुरती आहे, त्यांनी हाच घ्यावा, आणि गोल यंत्र घेतले नाही याची रुखरुख लावून घेऊ नये.

बेल्ट सँडर फिरत्या पट्ट्याने एकाच दिशेने लाकूड ओरबाडतो. दाराच्या जाड चौकटी किंवा जुन्या सागाच्या फळ्यांचा थर उतरवायला तो उत्तम, पण फ्लॅटमध्ये तो पहिले यंत्र म्हणून आणू नये. तो जड असतो, क्षणभर एका जागी थांबला तर खड्डा पाडतो, आणि त्याने उडवलेली भुकटी आवरणे सर्वांत कठीण असते. वर्षातून एकदा गरज पडली तर तो भाड्याने आणावा. इस्त्रीच्या टोकासारखी त्रिकोणी गादी असलेला डिटेल सँडर देव्हाऱ्याच्या कोपऱ्यांत आणि खुर्चीच्या दांड्यांमध्ये शिरतो, मात्र मोठी फळी त्याने घासायला घेतली तर संध्याकाळ होते.

मुंबईतले अनेक कारागीर अँगल ग्राइंडरला घासाईची चकती लावून काम उरकतात. त्यांचा हात बसलेला असतो. मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेणारी ती चकती नवख्याच्या हातात सागाच्या फळीवर अर्धचंद्राकृती खाचा पाडते, आणि त्या पुसायला पुढे रंधाच हाती घ्यावा लागतो.

यंत्राच्या माहितीपट्टीवरचे आकडे कसे वाचावेत

पाच इंची यंत्राची ताकद साधारण 200 ते 350 वॉट असते आणि घरच्या कामाला या पट्ट्यातले कोणतेही यंत्र पुरते. वॉटपेक्षा गादीच्या थरथरीचा व्यास अधिक बोलका आहे. अडीच ते तीन मिलिमीटर व्यासाचे यंत्र हळू पण नितळ घासते. पाच मिलिमीटरचे यंत्र भराभर लाकूड काढते आणि मागे ठळक खुणा ठेवते. ज्याला एकच यंत्र घ्यायचे आहे त्याने पहिल्या गटातले घ्यावे. हा आकडा खोक्यावर नसेल तर माहितीपत्रकात पाहावा, आणि तिथे व्यास दिला आहे की त्रिज्या तेही नीट वाचावे, कारण या घोळात दोन यंत्रांची तुलना सहज चुकते.

वेग बदलण्याची चकरी असलेलेच यंत्र घ्यावे, यावर मी तडजोड करणार नाही. कोऱ्या लाकडावर मिनिटाला 12,000 पर्यंतचा वेग चालतो, पण जुन्या पॉलिशवर तोच वेग ठेवला तर घर्षणाच्या उष्णतेने पॉलिश मऊ होऊन कागदावर गोळ्या धरते, आणि मग त्या गोळ्याच लाकडावर ओरखडे काढत फिरतात.

तिसरी गोष्ट पट्टीवर लिहिलेली नसते. यंत्र लाकडावरून उचलल्यावर गादी भरधाव फिरू लागू नये म्हणून चांगल्या यंत्रात गादीच्या वर रबराची ब्रेकची कडी असते. ती नसली किंवा झिजलेली असली, तर फिरती गादी पुन्हा लाकडाला टेकते त्या क्षणी गोल ओरखडा उठतो.

बॅटरीवरचा सँडर गच्चीत किंवा गावच्या घरी सोयीचा वाटतो. पण ड्रिल अधूनमधून चालतो आणि सँडर सलग चालतो, त्यामुळे बॅटरी अपेक्षेपेक्षा फार लवकर उतरते. त्याच कंपनीच्या दोन मोठ्या बॅटऱ्या आधीपासून घरात नसतील, तर वायरचे यंत्रच बरे.

भुकटी

लाकडाच्या भुकटीकडे आपल्याकडे केवळ केरकचरा म्हणून पाहिले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 साली ती माणसांत कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. त्यामागचा पुरावा मुख्यतः फर्निचरच्या कारखान्यांत वर्षानुवर्षे काम केलेल्या कामगारांच्या नाकाच्या व सायनसच्या कर्करोगाचा होता. रविवारी दोन तास पाट घासणाऱ्याचा धोका त्यांच्याइतका नाही, हे उघड आहे. तरी सागाच्या आणि शिसवीच्या भुकटीने अनेकांच्या त्वचेला खाज सुटते, दमा असलेल्याला ती लगेच बाधते, आणि एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे तंतू डिंकाने दाबून केलेल्या फळीच्या, भुकटीत लाकडाबरोबर डिंकाचे रसायनही असते. शिवाय घरात पाळण्यातले मूल किंवा वयस्कर माणूस असेल, तर यंत्र निवडताना त्यांचाही विचार करावा लागतो.

म्हणून यंत्राची भुकटी गोळा करण्याची व्यवस्था ही पहिली चाचणी ठरते. यंत्रासोबत येणारी कापडी पिशवी जाड भुसा पकडते, बारीक भुकटी तिच्या विणीतून बाहेर निसटते. कागदाच्या फिल्टरची डबी त्याहून बरी. खरा फरक व्हॅक्यूम क्लीनरची नळी जोडल्यावर पडतो, आणि तिथेच एक क्षुल्लक अडचण आडवी येते: यंत्राच्या तोंडाचा व्यास आणि घरच्या क्लीनरच्या नळीचा व्यास सहसा जुळत नाहीत. जोडणीचा रबरी तुकडा वेगळा विकत मिळतो. नाही मिळाला तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा दोन्हींवर ओढून बसवावा, तो अगदी घट्ट बसतो. घरगुती क्लीनरचा फिल्टर या भुकटीने लवकर तुंबतो. त्यासाठी नळीच्या मध्ये प्लास्टिकचा छोटा सायक्लोन, म्हणजे हवा गरगर फिरवून भुकटी खाली पाडणारे नरसाळे, आणि त्याखाली रंगाची रिकामी झाकणाची वीस लिटरची बादली बसवली, तर बहुतेक भुकटी बादलीतच पडते आणि क्लीनरचा ओढा टिकून राहतो.

एवढे करूनही मास्क लागतोच. कापडी किंवा सर्जिकल मास्क पुरत नाही. एन-95, किंवा आयएस 9473 या भारतीय मानकाचा उल्लेख असलेला एफएफपी-2 मास्क वापरावा, आणि तो नाकाच्या हाडाशी दाबून बसवावा. काम चालू असताना छताचा पंखा व एसी बंद ठेवावा. मे महिन्यात ही शिक्षाच आहे, पण पंखा भुकटी घरभर पोहोचवतो आणि एसी ती आपल्या जाळीत साठवून आठवडाभर परत देत राहतो. खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा लावावा, दारावर ओली चादर टांगावी, आणि काम संपल्यावर केरसुणी न मारता ओल्या फडक्याने पुसावे.

जुन्या रंगाविषयी वेगळी ताकीद द्यावी लागते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादित करणारे नियम आपल्याकडे 2016 साली आले. त्याआधी रंगवलेल्या चाळीच्या खिडक्या, लोखंडी पट्ट्यांची दारे किंवा जुने पाळणे यांच्या रंगात शिसे असू शकते. अशा रंगावर कोणताही सँडर चालवू नये. पाणी लावून, काळ्या वॉटर पेपरने हातानेच घासावे, आणि निघालेला चोथा गोळा करून बंद पिशवीत टाकावा.

वीज आणि शेजार

तीनशे वॉटचा सँडर 230 व्होल्टवर सुमारे 1.3 अँपिअर घेतो, म्हणजे सहा अँपिअरचे साधे सॉकेट त्याला पुरेसे आहे. चौदाशे वॉटचा व्हॅक्यूम क्लीनर मात्र एकटाच सहा अँपिअरच्या वर जातो, त्यामुळे दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नयेत. क्लीनरला सोळा अँपिअरचे सॉकेट द्यावे. अमेरिकेतल्या भाच्याने प्रेमाने आणलेले यंत्र 120 व्होल्टचे असते आणि ते आपल्या सॉकेटला थेट लावले तर मोटर जळते. आखातातून आलेल्या यंत्राचा व्होल्टेज बहुधा जुळतो, फक्त पिन बदलावी लागते. तरी पट्टी वाचल्याशिवाय काहीच लावू नये.

बहुतेक सँडरच्या माहितीपत्रकात 75 ते 85 डेसिबलच्या आसपासचा आकडा आढळतो, तर 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंतची 45 डेसिबल आहे. भिंतींमुळे आवाज कमी होतो. पण थरथर टेबलाच्या पायांतून लादीत आणि लादीतून खालच्या घरात उतरते, आणि तक्रार बहुधा तिचीच येते. टेबलाच्या पायांखाली जुन्या गोधडीच्या चार पदरी घड्या ठेवाव्यात, टेबल भिंतीला टेकू देऊ नये, आणि आपल्या सोसायटीत दुपारी शांततेची वेळ ठरलेली असल्यास ती पाळावी.

दुकानात काय तपासावे

ऑनलाइन किंमत पाहायला हरकत नाही, पण पहिला सँडर हातात धरून घ्यावा. त्यासाठी मस्जिद बंदर स्थानकाजवळची नागदेवी स्ट्रीट हे सर्वांत सोयीचे ठिकाण, कारण तिथे एकाच फेरीत बॉश, मकिता, डीवॉल्ट, हिकोकी यांची यंत्रे आणि त्यांचे सुटे भागही पाहायला मिळतात. रविवार टाळून आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जावे. संध्याकाळच्या हातगाड्यांच्या गर्दीत दुकानदाराला यंत्र लावून दाखवायला सवड नसते.

यंत्र हातात घेतल्यावर त्याचे डोके तळव्यात बसते की नाही, हे आधी पाहावे. ज्यांचा पंजा लहान आहे त्यांना जाड डोक्याचे यंत्र अर्ध्या तासात नकोसे होते. मग ते चालू करायला सांगावे आणि मनगटात मुंग्या येण्याइतकी थरथर जाणवते का, ते किमान एक मिनिट धरून पाहावे. दहा सेकंदांत काही कळत नाही. चालू यंत्र हवेत उचलून गादीचा वेग आवाक्यात राहतो का, हेही तिथेच कळते. गादीवरची भोके मोजावीत. पाच इंचीला आठ भोकांची गादी सर्वत्र चालणारी आहे आणि तिच्या चकत्या कोणत्याही कंपनीच्या मिळतात. भोकांची मांडणी निराळी असेल तर कायम त्याच कंपनीच्या चकत्यांवर अवलंबून राहावे लागते. शेवटी, सुटी गादी आणि मोटरला वीज पोहोचवणारे, झिजत जाणारे कार्बन ब्रश मिळतात का, हे विचारावे. गादीचे वेल्क्रो उष्णतेने झिजते, म्हणून ती आज ना उद्या बदलावी लागतेच. पक्के बिल घ्यावे आणि यंत्रावरचा क्रमांक त्यावर लिहून घ्यावा.

पैसे मर्यादित असतील तर सगळे यंत्रावर घालू नयेत. एकूण रकमेचा निदान तिसरा हिस्सा चकत्या, मास्क आणि नळीच्या जोडणीसाठी राखून ठेवावा. महागड्या यंत्रावर गुळगुळीत झालेला कागद फिरवण्यापेक्षा मध्यम यंत्रावर ताजा कागद अधिक चांगले काम देतो.

कागद आणि पहिल्या दिवसाची चाचणी

कागदाचा नंबर जितका मोठा, तितका तो बारीक. पहिल्या खरेदीत 80 नंबरच्या दहा आणि 120 व 180 नंबरच्या प्रत्येकी वीस चकत्या पुरतात. कोऱ्या लाकडासाठी अॅल्युमिनियम ऑक्साइडचा कागद, आणि जुन्या पॉलिशसाठी तुंबू नये म्हणून वर पांढरट लेप असलेला कागद घ्यावा. नंबर गाळून उडी मारू नये, कारण 80 चे ओरखडे 180 ने निघत नाहीत, फक्त झाकले जातात, आणि पॉलिशचा पहिला हात बसताच वर येतात. पॉलिश करायच्या फर्निचरला 180 किंवा 220 वर थांबावे. त्याहून बारीक घासलेल्या लाकडात रंगाचे पाणी नीट मुरत नाही. पोळपाटासारख्या वस्तूला 220 नंतर ओले फडके फिरवून, वाळल्यावर उठलेले तंतू पुन्हा त्याच नंबरने हलकेच घासून घ्यावेत, म्हणजे पहिल्या धुण्यात तो खरखरीत होत नाही.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी टाकाऊ सागाचा किंवा पाइनचा हातभर तुकडा घ्यावा आणि शिकंज्याने टेबलाला पक्का आवळावा. त्यावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या फिकट रेघा माराव्यात. चकतीची भोके गादीच्या भोकांशी जुळवून लावावी, यंत्र लाकडावर टेकवावे, मगच चालू करावे. हात दाबू नये. यंत्राचे वजन आणि वर ठेवलेला पंजा एवढाच भार पुरे, कारण जास्त दाबले की गादीचे फिरणे थांबते, नुसती थरथर उरते आणि शेपटीसारखे गोल ओरखडे उमटतात. सेकंदाला इंचभर इतक्या सावकाश गतीने, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवत जावे. रेघा सगळीकडून एकाच वेळी पुसल्या गेल्या तर हात बसतो आहे असे समजावे. कडेच्या आधी गेल्या असतील तर गादी कडेवरून अर्ध्याहून अधिक बाहेर जाते आहे.

मग खोलीतला दिवा मालवून टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून आडवा मारावा. वरून न दिसणारे ओरखडे या प्रकाशात उघडे पडतात. हीच चाचणी व्हॅक्यूम जोडून आणि न जोडता अशी दोनदा करावी, आणि दोन्ही वेळा शेजारी काळ्या कागदाचा एक तुकडा ठेवून त्यावर किती भुकटी बसते ते पाहावे. जोडणी करूनही कागद पांढुरका झाला, तर बहुधा चकतीची भोके जुळलेली नसतात किंवा नळीच्या जोडात फट असते.

तुंबलेली चकती लगेच फेकू नये. क्रेप रबराच्या जुन्या चपलेचा तळवा चालू यंत्राच्या कागदावर हलका टेकवला की अडकलेली भुकटी सुटते. दिवसाच्या शेवटी पिशवी रिकामी करावी, विशेषतः जवसाचे तेल लावलेले लाकूड घासले असेल तर, कारण त्या तेलाने भिजलेली भुकटी आणि चिंध्या साठून राहिल्या तर आपोआप तापून पेटू शकतात. अशा चिंध्या मोकळ्या पसरून वाळवाव्यात. आणि जून लागण्यापूर्वी उरलेल्या चकत्या सपाट रचून, वर एक फळीचा तुकडा ठेवून, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात भराव्यात. पावसाळ्यात उघड्यावर राहिलेला कागद कडेने वळतो आणि वेल्क्रोवर नीट बसत नाही.